हातचा कुठे राहतो?

४७ आणि ३८ यांची तोंडी बेरीज करताना सात आणि आठ पंधरा होतात, पाच मांडले जातात आणि हातचा एक राहतो. मराठीने त्याला हातात ठेवलं. प्रत्यक्षात तो कुठे राहतो, हा प्रश्न मानसशास्त्राने शंभराहून अधिक वर्षं उलटसुलट करून पाहिला आहे.

आधी मोजली गेली ती जागा. १८८७ मध्ये लंडनमध्ये जोसेफ जेकब्ज यांनी शाळकरी मुलींना अंक ऐकवले आणि लगेच म्हणायला लावले. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी अशा प्रयोगांतून 'सात, दोन कमीजास्त' ही मर्यादा मांडली. पण मिलर यांचा खरा शोध सातचा नव्हता, गठ्ठ्यांचा होता. १९४७१९६० हे आठ अंक. मराठी माणसाला मात्र ही दोनच सालं. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी मर्यादा साधारण चार गठ्ठ्यांवर आणली.

ठेवलेलं परत कसं मिळतं? १९६६ मध्ये सॉल स्टर्नबर्ग यांनी काही अंक लक्षात ठेवायला दिले आणि 'हा त्यात होता का?' असं विचारलं. प्रत्येक वाढीव अंकामागे उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागत, उत्तर 'हो' असो वा 'नाही'. अंक सापडल्यावरही यादी शेवटपर्यंत तपासली जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१९६८ मध्ये ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी अल्पकालीन स्मृतीला दीर्घकालीन स्मृतीचा उंबरठा मानलं. दोनच वर्षांत शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी के. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या दुखापतीनंतर त्याला ऐकलेले दोन अंकही धड धरून ठेवता येत नसत. तरी नव्या गोष्टी तो कायमच्या शिकत होता. उंबरठाच मोडला असताना माणूस घरात शिरत होता! या इतिहासात के. एफ.इतका मोलाचा साक्षीदार क्वचितच कुणी असेल.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये उलट बाजूने खोदलं. सहा अंक मनात धरायला लावून त्यांनी माणसांना तर्काची कोडी घातली. वेग मंदावला, चुका मात्र फारशा वाढल्या नाहीत. म्हणजे एकच कप्पा भरून तुंबत नव्हता. आवाजाची घोकणी एकीकडे, दृश्यांचा फलक दुसरीकडे आणि दोन्हींकडे लक्ष वाटणारा एक नियंत्रक, अशी रचना त्यांनी मांडली. गोदामाची जागा कामाच्या ओट्याने घेतली. मनातल्या मनात पुटपुटल्याने हातचा का टिकतो, हेही त्यातून कळलं: सुमारे दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं, तेवढं घोकणी जिवंत ठेवते.

मेंदूतला पत्ता १९७१ मध्ये फस्टर आणि अलेक्झांडर यांना माकडांत मिळाला होता. खाऊ कुठे दडवला हे माकडाने पाहिलं की मध्ये पडदा येई. त्या थांबण्याच्या काळात कपाळामागच्या भागातल्या काही पेशी सतत संदेश सोडत राहत. स्मृती म्हणजे तेवती ठेवलेली पेशी, ही कल्पना मग रुजली.

२००८ मध्ये तिलाही धक्का बसला. मोंजिलो, बराक आणि त्सोडिक्स यांनी दाखवलं की पेशी गप्प राहूनही, त्यांच्या जोडांत तात्पुरत्या साठलेल्या कॅल्शियमच्या आधारे, माहिती काही क्षण टिकू शकते. हे गणिती प्रारूप होतं. २०१६ मध्ये नेथन रोझ आणि सहकाऱ्यांनी माणसांवर प्रयोग केला. लक्ष दुसरीकडे वळवल्यावर लक्षात ठेवलेल्या गोष्टीची खूण मेंदूच्या नोंदीतून पुसली गेल्यासारखी झाली. मग बाहेरून चुंबकीय स्पंद दिला आणि ती खूण क्षणभर परत उमटली.