कोचीच्या धक्क्यावर उतरताना

जहाज धक्क्याला लागलं आहे. दोर आवळले गेले, शिडी खाली टेकली. समोरच्या मोकळ्या जागेत सहलीच्या बसगाड्या रांगेने उभ्या आहेत, काचांवर क्रमांक चिकटवलेले. तुम्ही त्यातल्या कुठल्याही बसचं तिकीट काढलेलं नाही. तेव्हा उतरायची घाई नको. गर्दी पुढे जाऊ द्या. डेकच्या कठड्यावर हात टेकवा आणि खाली पाहा.

ज्या जमिनीवर आता पाय ठेवणार आहात, तिचा बराचसा भाग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे नव्हता. बंदराच्या तोंडाशी वाळूचा घट्ट बांध होता. मोठी जहाजं बाहेर समुद्रातच नांगर टाकत. माल आणि माणसं होड्यांमधून आत येत. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता इथे आला. त्याने वाळू उपसून खोल वाट काढली आणि उपसलेल्या गाळाची भर घालून हे विलिंग्डन बेट उभं केलं. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. तुमचं जहाज त्याच वाटेने आत आलं आहे.

आणखी मागे जा. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला. उत्तरेकडचं मुझिरिस, ज्याची ख्याती रोमपर्यंत होती, ते गाळाने बुजलं आणि इथे कोचीला समुद्राकडे तोंड मोकळं झालं, असं मानतात. एका गावाचं बंदर गेलं तेव्हा दुसऱ्याला मिळालं. ही गोष्ट मनात थोडा वेळ राहू द्या. आज दिवसभर जे दिसेल, त्याला एवढंच विचारत जायचं आहे: हे इथे कसं आलं, आणि का राहिलं?

निघण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट उरकून टाका, म्हणजे मन मोकळं होईल. जहाजावर परत यायची शेवटची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ जुळतं ना, ते पाहा. कंपनीच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज सहसा थांबतं. एकट्याने फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून दोन तास राखून ठेवा, आणि मग वेळेचा विचार सोडून द्या. उरलेल्या वेळात कोची पाहून होणार नाही. हे सकाळीच मान्य केलं की पायांना आपोआप सावकाश चालता येतं.

बंदराच्या दरवाजाबाहेर रिक्षा मिळेल. चालकाला ‘चेट्टा’ म्हणा, म्हणजे दादा. भाडं आधी ठरवा, दुकानांत न्यायला लागला तर हसून नको म्हणा. पूल ओलांडून, तोप्पुमपडीवरून तो तुम्हाला फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर सोडेल.

समोर चिनी जाळी आहेत. फोटो नंतर काढा. आधी एका जाळ्यासमोर उभे राहा आणि त्याचा एक पूर्ण फेरा बघा. सागवानाचे आणि बांबूचे उंच वासे, त्यांच्या टोकांना ताणलेलं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना बांधून लोंबकळत ठेवलेले दगड. सगळा डोलारा इतका नेमका तोललेला आहे की मुख्य वाशावरून एक माणूस पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. मग थोडा वेळ काहीच होत नाही. त्या काहीच न होण्याकडेही लक्ष द्या; तुमचा श्वास तेवढ्यात संथ होईल. मग चार-पाच जण दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं वर येतं. मूठ-दोन मूठ मासळी. पुन्हा तेच. ही जाळी चीनकडून आली अशी इथली आठवण आहे. कुणी आणली याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. आणणारे गेले, आणि हात स्थानिक कोळ्यांचे झाले. ते तुम्हाला दोर ओढायला बोलावतील आणि पैसे मागतील. द्या. मासळीवर आता पोट भरत नाही, आणि तुम्ही बघायला आलात ते त्यांचे कष्टच आहेत.

दोर ओढून झाला असेल तर तळहाताकडे पाहा. काथ्याचा खरखरीतपणा काही क्षण राहतो. तो जाईपर्यंत तिथेच थांबा.

इथून सेंट फ्रान्सिस चर्च जवळ आहे. वास्को द गामा १५२४च्या डिसेंबरात कोचीत वारला आणि इथे पुरला गेला. पंधराएक वर्षांतच त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. कठड्याआडचा दगड पाहायला दोन मिनिटं पुरतात, आणि मला वाटतं तेवढीच द्यावीत. ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तो मायदेशी परत गेला.

परत जाता न आलेल्यांसाठी जास्त वेळ ठेवा. शेजारच्या मट्टांचेरी भागाच्या वाटेवर मांगाट्टुमुक्क इथे कप्पिरी मुत्तप्पनचं छोटंसं स्थान आहे. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली होती. १६६३ साली डच चालून आले तेव्हा मालकांनी आपला खजिना भिंतींत दडवला आणि राखणीला या गुलामांना जिवंत पुरलं, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांचं नाव, गाव, भाषा काही उरलं नाही. पण मट्टांचेरीने त्यांना मुत्तप्पन, म्हणजे आजोबा, मानलं. अडली-नडली माणसं इथे मेणबत्ती लावतात, चिरूट ठेवतात, ताडी वाहतात. ज्याला साखळदंड घालून इथे आणलं, त्यालाच आज गाव आपलं रक्षण करायला विनवतं. इथे उभं राहून मनात काही जुळवू नका. अर्थ लावायची घाई करू नका. आपण तिकीट काढून, आपल्या मर्जीने या किनाऱ्याला लागलो, एवढंच आठवा.

मग चालत पुढे. वखारींमधून सुंठीचा आणि मिरीचा वास येईल. याच वासाचा माग काढत जग इथे आलं होतं.

मट्टांचेरीत चेरलाय नावाची वस्ती आहे. तिथे पायांचा वेग आणखी कमी करा आणि कान उघडे ठेवा. मल्याळमच्या मधूनच एखादं वाक्य असं येईल की तुम्ही वळून पाहाल, कारण ते तुम्हाला अर्धंमुर्धं समजलेलं असेल. ती कोकणी आहे. सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पाडली गेली, धर्मांतराचा जाच वाढला, तेव्हा अनेक गौड सारस्वत कुटुंबं देव आणि भांडीकुंडी घेऊन किनाऱ्याने दक्षिणेला निघाली. त्यातली कितीतरी इथे थांबली. तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ त्यांचंच. आता हे लक्षात घ्या: पोर्तुगिजांचा किल्ला इथून चालत जाण्याच्या अंतरावर होता. ज्यांच्या भीतीने घरदार सोडलं तेच शेजारी, तरीही कोचीच्या राजाच्या आसऱ्यात ही माणसं रुजली.

आणि नुसती जगली नाहीत. डच प्रशासक व्हान रेड याने मलबारातल्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं ज्ञान होतं, आणि रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचंही. या तिघांनी दिलेली ग्वाही पहिल्या खंडात कोकणीत, नागरी अक्षरांत छापलेली आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी तो एक. आपण जी अक्षरं वाचतो तीच ही. निर्वासितांच्या वस्तीतून ती ॲमस्टरडॅमपर्यंत गेली. मला कोचीतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि तिला तिकीटखिडकी नाही. देवळाच्या बाहेर सावलीत बसा आणि तिच्यासाठी दहा मिनिटं द्या.

पाय चालत असतील तर मट्टांचेरी राजवाडा आणि त्याला लागून असलेलं १५६८चं सिनेगॉग एवढंच आणखी. पोर्तुगिजांमुळे ज्यूंनाही कोडुंगल्लूरकडून इकडे यावं लागलं; राजाने त्यांना जागा दिली ती थेट आपल्या राजवाड्याच्या देवळाशेजारी. आत जमिनीवर चीनहून आणलेल्या हातरंगी निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. एकच फरशी निवडा आणि तिच्यावरचं चित्र नीट पाहा. शेजारची तशीच दिसते, पण हाताने रंगवलेली असल्याने हुबेहूब नसते. ज्यांनी त्या बसवल्या त्यांचे बहुतेक वंशज १९४८ नंतर इस्रायलला गेले. शुक्रवारी आणि शनिवारी हे दार बंद असतं. तसं झालं तर बंद दारासमोरच क्षणभर थांबा आणि परत फिरा, चुटपुट न लावून घेता.

आता खिशातला कागद काढा. रिक्षाला हात करा. बरंच राहिलं असेल: राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं, पलीकडच्या वायपीनला दुचाक्या आणि माणसं भरून जाणारी फेरी, धोबीखाना. राहू दे. जे पाहिलंत त्याच्याजवळ थांबलात, ते पुरेसं आहे. परत यावंसं वाटलं तर जहाजाची वाट पाहू नका. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्स्प्रेस रोज सुटते. कोकणातून, गोव्यातून, चेरलायकरांचे पूर्वज ज्या किनाऱ्याने आले त्याच किनाऱ्याने ती दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला पोचते.