वणव्याच्या शेजारी उरणारे

होळीच्या सुमारास यावल, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यांतील गावांतून रात्री उत्तरेकडे पाहिले, तर सातपुड्याच्या अंगावर तांबड्या रेषा सरकताना दिसतात. आणि केळीला पाणी भरणारा शेतकरी त्यांच्याकडे एकवार नजर टाकून पुन्हा आपल्या कामाला लागतो, कारण आमच्या मुलखात वणवा हा उन्हाळ्याइतकाच ठरलेला आहे. त्या रेषांच्या आसपास जे पावरा, बारेला व भिल्लांचे पाडे आहेत, त्यांत याच महिन्यांत माणूसबळ नसते. दिवाळीनंतर कर्ती माणसे ऊसतोडीला नाहीतर वीटभट्ट्यांवर दूर गेलेली असतात. भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला जी परततात, त्यांतली पुष्कळ पुन्हा निघून जातात. अन्य देशांत आगीच्या इशाऱ्याने गावे रिकामी होतात. इथे आग लागण्याच्या आधीच पोटाच्या हुकमाने पाडा रिकामा झालेला असतो, आणि वणव्याच्या शेजारी उरतात ती वृद्ध माणसे, लहान पोरे आणि गुरे.

या उरण्याला काय म्हणावे, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो. आपल्या परंपरेत त्यावर एक सुप्रसिद्ध उत्तर तयार आहे: मिथिला पेटली तरी माझे काहीच जळत नाही, असे म्हणणारा जनक. वैराग्याचा हा आदर्श शतकानुशतके गौरविला गेला आहे, आणि त्यातील आत्मज्ञानाची उंची मी अमान्य करीत नाही. तथापि मिथिलेत ज्यांची घरे होती, त्यांचे काय जळले, हे त्या वचनात कोठेच येत नाही. शांतिपर्वात युधिष्ठिर हे वचन आधाराला घेतो, तेव्हा अर्जुन त्याला जनकाच्या राणीची गोष्ट ऐकवतो. राज्य टाकून भिक्षापात्र हाती घेणाऱ्या पतीला ती आश्रितांची आठवण देऊन खडसावते. मला त्या राणीचे म्हणणे अधिक धार्मिक वाटते.

आगीचा खरा विचार महाभारताने केला आहे तो आदिपर्वातील खांडवदहनात. ग्रंथ ते वन यमुनेकाठी सांगतो, आमची लोकश्रुती ते खानदेशात आणते. अग्नीची भूक भागावी म्हणून कृष्णार्जुन वनाच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि पळू पाहणाऱ्या जिवांना पुन्हा ज्वाळांत लोटतात. त्या भयंकर वर्णनाच्या मध्यभागी जरिता ही पक्षिणी आपल्या चार पिलांपाशी बसलेली आहे. पिलांना पंख फुटलेले नाहीत. बिळात लपावे तर उंदराची भीती. शेवटी पिलेच आईला सांगतात, तू उडून जा, तू जगलीस तर वंश राहील. आणि ती जाते. तिच्या जाण्याला कथेने पाप म्हटलेले नाही. जाणे कधी अधर्म नसते. प्रश्न असतो तो ज्याला पंखच नाहीत त्याच्यापाशी कोण राहणार याचा.

पाड्यावर उरलेल्या म्हातारीचे राहणे वैराग्यातले नाही, शौर्यातलेही नाही. मोहाखालचा पाचोळा ती झाडून ढिगाने जाळते, कारण पहाटे गळणारी पिवळट फुले स्वच्छ जमिनीवरच वेचता येतात. वारा फिरला की तोच विस्तव सागाच्या वाळल्या पानांत शिरतो. मग ती हिरव्या डहाळ्यांनी आगीची कड झोडपत मागे मागे सरते. आग तिच्या उपजीविकेतून निघते हे खरे असले, तरी तिला केवळ गुन्हेगार ठरवून भागत नाही. 1927 च्या वन कायद्याचे कलम 79 जंगलात हक्क असणाऱ्या प्रत्येकाला वणवा विझवण्यास बांधून टाकते, आणि कसूर करणाऱ्यास मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. बंधनाचा एवढा स्पष्ट मजकूर ज्या कायद्यात आहे, त्याने विझवणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी तितक्याच स्पष्टपणे सांगितलेली नाही. एप्रिल 2021 मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले, हे विसरता येत नाही.

संपन्न देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात वेळेवर निघा किंवा राहून घर राखा असे लोकांना सांगितले जात असे. 7 फेब्रुवारी 2009 रोजी तेथे वणव्यांत 173 माणसे मेली, त्यांतील पुष्कळ आपापल्या घरातच. निवड माणसावर सोपवली की त्याची शक्ती न पाहताच सोपवली जाते.

जरितेच्या कथेत पिलांचा बाप मंदपाल हाही आहे. तो दुसरीकडे संसार करीत असतो, पण अग्नीची आधीच विनवणी करून ठेवतो, आणि पिले वाचतात त्यात त्या विनवणीचाही वाटा असतो. आग शमल्यावर तो परततो, तेव्हा पिले त्याच्याशी बरेवाईट एक अक्षर बोलत नाहीत. उपग्रहावरून येणारे इशारे आणि पंचनामे यांचे मोल असेच आहे; ते हवेतच, पण ते पाड्यावर राहत नाहीत. आग अडवणाऱ्या जाळरेषा काढण्याचे काम हिवाळ्यात निघते, आणि नेमके तेव्हाच कर्ते हात उसाच्या फडात असतात. मागेल त्याला काम देण्याचा कायदा महाराष्ट्राने 1977 सालीच केला आहे. जाळरेषांचे ते काम, फडाच्या मजुरीला तोडीस तोड अशा दराने आणि वेळच्या वेळी पैसे देऊन, दिवाळीच्या आधी पाड्यावर पोहोचले, तर जाणाऱ्यांपैकी काहीजण तरी म्हाताऱ्या आईपाशी थांबतील.