समता ठरावाने येते काय?

इतिहासात काही तारखा अशा असतात की, त्यांपाशी वाचकाने थोडे थांबावे. ४ ऑगस्ट ही त्यांपैकी एक होय. १७८९ साली या तारखेच्या रात्री व्हर्साय येथील राष्ट्रीय सभेत फ्रान्सचे सरदार व धर्माधिकारी एकामागून एक उभे राहिले आणि आपले पिढीजात विशेषाधिकार सोडून दिल्याचे त्यांनी जाहीर केले. १९२३ साली याच तारखेस रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला व सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. आणि १९२७ साली, पुन्हा ४ ऑगस्टलाच, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा आपला १९२४ चा ठराव रद्द करून टाकला.

तारखांचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे; पंचांग पाहणाऱ्याला त्यात काही सापडावयाचे नाही. परंतु त्यात एक प्रश्न लपलेला आहे, आणि नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तो स्वतःला विचारावा असा आहे. जी समता एका ठरावाने दिली जाते ती दुसऱ्या ठरावाने काढून घेता येत असेल, तर समतेने उभे राहावे तरी कशाच्या आधारावर?

आधी फ्रान्सचे पाहू. त्या रात्री सभेत गहिवरून भाषणे झाली. पण सरदारांचे हृदय एकाएकी का द्रवले? जुलै महिन्यात खेड्यापाड्यांतून शेतकरी उठले होते, जमीनदारांच्या गढ्यांवर चालून गेले होते आणि ज्या दप्तरांत त्यांची वेठ व देणी लिहिलेली होती ती दप्तरे त्यांनी जाळली होती. औदार्याच्या पाठीशी भय उभे होते. भय ओसरू लागताच हिशेब सुरू झाला. आठवडाभरात जो कायदा झाला त्यात माणसाच्या देहावरची गुलामी विनामोबदला गेली खरी, पण जमिनीवरची बहुतेक देणी शेतकऱ्याने पैसे मोजून सोडवून घ्यावीत असे ठरले. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने आपली मुक्ती विकत घ्यावी! ही अट समूळ गेली ती १७ जुलै १७९३ रोजी, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी. आपल्यातील वडीलधाऱ्यांना हे वाचून महार वतनाची आठवण होईल. वतन म्हणजे गुलामी आहे हे बाबासाहेब १९२८ पासून कायदेमंडळात सांगत होते. १९५८ च्या कायद्याने वतन गेले. परंतु तीच जमीन आपल्या नावावर राखण्यासाठी वतनदाराला भोगवट्याची किंमत सरकारात भरावी लागली.

२६ ऑगस्ट १७८९ च्या जाहीरनाम्याने माणसे जन्मतः स्वतंत्र व समान हक्कांची आहेत असे जगाला सांगितले. हे लहान काम नव्हे. परंतु त्याच सभेने पुढे नागरिकांचे दोन वर्ग केले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा पुरुष तो ‘सक्रिय’ नागरिक, मत त्यालाच, बाकीचे ‘निष्क्रिय’. घरगडी निष्क्रिय, आणि स्त्रिया तर मोजणीतच नाहीत. ऑलिंप द गूज या बाईंनी १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. फ्रेंच स्त्रीला मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडावे लागले. वसाहतींतील काळ्या गुलामांचे तर विचारूच नका. आज ज्याला हैती म्हणतात तेथील गुलामांनी १७९१ साली बंड पुकारले, तेव्हा कोठे १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. आणि १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा कायदेशीर केली. हैतीने लढून १८०४ साली स्वातंत्र्य घेतले, उरलेल्या वसाहतींतील गुलामांना १८४८ पर्यंत वाट पाहावी लागली. दिलेले काढून घेण्यासाठी नेपोलियनला सैन्य लागले. महाडच्या नगरपालिकेचे काम एका बैठकीत झाले.

इतिहास शिकवताना वर्गातील मुले हमखास विचारतात, ‘गुरुजी, १७९३ साली राजाला मारले, मग १८०४ साली सम्राट कसा आला?’ राजे परत येतात ते केवळ तलवारीच्या बळावर नव्हे. माणसे एकमेकांना भिऊ लागली की त्यांना धनी हवासा वाटतो. रोबेस्पिएर हा पुढारी मे १७९१ मध्ये सभेत उभा राहून देहदंड रद्द करा असे सांगत होता. दोनच वर्षांत तोच माणूस दहशतीच्या राज्याचा प्रमुख झाला. सुमारे १७ हजार लोकांना न्यायासनापुढे नेऊन मृत्यूची शिक्षा देण्यात आली आणि २८ जुलै १७९४ रोजी त्याच यंत्राखाली रोबेस्पिएरची मान गेली. टॉमस पेन यांचेही उदाहरण घ्यावे. त्यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ आमच्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी विशीच्या सुमारास वाचला आणि त्यांच्या मनाला दिशा मिळाली. हे पेन फ्रान्सच्या सभेत निवडून गेले होते. राजेशाही जावी, पण राजाचा जीव घेऊ नये, त्याला अमेरिकेत पाठवावे, असे ते म्हणाले. पुढे त्यांनाच दहा महिने तुरुंगात काढावे लागले. त्या दिवसांत भिंतींवर स्वातंत्र्य, समता, बंधुता या शब्दांपुढे ‘किंवा मृत्यू’ असेही लिहिले जात असे. माझा भाऊ हो, नाही तर मर, हे बंधुत्वाचे निमंत्रण कोण मनापासून स्वीकारील?

मग बाबासाहेबांनी या क्रांतीकडे पाठ फिरवली काय? मुळीच नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना उघडपणे १७८९ च्या फ्रेंच सभेशी केली. आपण केवळ तळ्याचे पाणी पिण्यासाठी जमलेलो नाही, समाजाची नवी घडी घालण्यासाठी जमलो आहोत, असे त्यांनी सांगितले. फ्रान्समधील रक्तपाताचा दोष त्यांनी सभेच्या माथी मारला नाही. वरच्या वर्गांनी दगा दिला नसता, परक्या राजांची मदत घेऊन क्रांती चिरडू पाहिली नसती, तर तो प्रसंग आला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. आमची क्रांती शांततेने होईल की नाही हे स्पृश्यांच्या वागणुकीवर ठरेल, हेही त्यांनी बजावले. यात भिडस्तपणा नाही.

परंतु बोलण्याइतकेच त्यांचे करणेही पाहिले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. आपल्यात लष्करातून परतलेली माणसे होती, हात उगारणे त्यांना कठीण नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा तळ्यावर जाण्यास सिद्ध होते, तर न्यायालयाचा मनाई हुकूम आडवा आला. त्या दिवसांत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पोथी जाळली, माणूस जाळला नाही. सत्याग्रह तहकूब झाला आणि दावा चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी.

एका तळ्यासाठी दहा वर्षे! येथे कोणी विचारील की, हा धीर कोणाच्या जिवावर धरला? उन्हात डोक्यावर हंडा घेऊन लांब जाणाऱ्या बाईच्या जिवावरच ना? हा आक्षेप खरा आहे आणि तो गोड बोलून टाळता यावयाचा नाही. अहिंसेची किंमत नेहमी आपल्याच माणसांनी द्यावी असे सांगणाऱ्यांचा मलाही संताप येतो. तरीही मला वाटते की, बाबासाहेबांनी त्या दिवशी केवळ सरकारला किंवा न्यायालयाला मान दिला असे नव्हे. ज्यांच्याबरोबर पुढे एका गावात, एका पाणवठ्यावर राहावयाचे त्यांना मारून बंधुता उगवत नाही हे त्यांनी ओळखले होते. आम्ही येरवड्याला राहतो. येथील तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि ऑगस्टमध्ये मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ पाच आठवड्यांत गेले. दिलेला हक्क कसा परत घेतला जातो याचा धडा त्यांच्याइतका कोणाला मिळाला असेल?

म्हणून ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना त्यांनी जे सांगितले त्याचा अर्थ महाडपासून लावला पाहिजे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपले तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसने घेतलेले नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे, असे ते म्हणाले. आणि सर्वांत वरचे स्थान त्यांनी बंधुतेला दिले. कायदा कोणीही मोडू शकतो, बंधुता असेल तरच स्वातंत्र्य व समता नाकारली जाण्यापासून रक्षण होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. संविधानाच्या १५ व्या व १७ व्या कलमांनी पाणवठे खुले केले, अस्पृश्यता रद्द केली. ही कलमे ज्यांनी लिहिली तेच सांगत होते की कलमे पुरी पडणार नाहीत.

आता हे आपल्या दारात आणू. धम्म स्वीकारलेली कुटुंबे आज एकाच पूर्वजातीतून आलेली नाहीत. ज्यांच्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली ते आणि ज्यांनी गेल्या वर्षी घेतली ते, असे दोन थर आपल्यातही पडू पाहत आहेत. जुने ते सक्रिय, नवे ते निष्क्रिय! विहारात वंदना बरोबर होते, पण समिती निवडताना नव्या घरातील माणसाचे नाव कोणी सुचवीत नाही. स्थळ पाहताना मुलाचे शिक्षण, नोकरी विचारून झाले की आवाज खाली येतो आणि प्रश्न येतो, ‘तुम्ही मूळचे कोण?’ महाडच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी बेटीबंदीवर बोट ठेवले होते. ती उठल्याशिवाय अस्पृश्यतेचे मूळ उपटले जाणार नाही असे ते म्हणाले होते. हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही आणि तो न विचारण्यासाठी कोणत्या ठरावाची गरजही नाही. येत्या लग्नसराईत, चहाचे कप समोर आल्यावर, तो आपल्यापैकी कोण गिळून टाकतो ते दिसेलच.