हाक मारली तर ओ देणारा

धाडच्या बाजारपेठेमागच्या आळीत एक म्हातारी राहत होती आणि तिच्याजवळ तिची नात. गाव बुलढाणा तालुक्यातलं, पण जालना जिल्ह्याची हद्द इतकी जवळ की इथल्या माणसाचं निम्मं काम बुलढाण्यात असतं, तर निम्मं भोकरदनला. नातीचे आईवडील दिवसभर सोयाबीन-कापसाच्या वावरात. नातीनं नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं होतं आणि आता नोकरी शोधायची होती.

या पोरीला एका गोष्टीची धास्ती होती. कॉलेजात असताना तिनं एका दुकानात रिचार्ज करताना वहीत आपला नंबर लिहिला होता. आठ दिवसांत अनोळखी नंबरांवरून मेसेज यायला लागले. रात्री अकराला फोन वाजायचा. घरात कळलं तेव्हा वडील म्हणाले, "फोनच बंद कर." फोन बंद म्हणजे अभ्यास, मैत्रिणी, नोकरीची जाहिरात, सगळंच बंद. त्रास देणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही, विचारला तो हिला. तेव्हापासून नंबर मागितला की तिच्या पोटात गोळा यायचा. पोरीनं आपला नंबर जपून ठेवावा, यात काडीचंही चुकीचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं ते नंबर जपल्यामुळं झालेलं नाही.

तिचा मामेभाऊ पुण्याला होता. सुट्टीत आला तेव्हा त्यानं तिची अडचण ऐकली आणि हसून म्हणाला, "अगं, स्वतःचा नंबर द्यायचाच कशाला? इंटरनेटवर व्हर्च्युअल नंबर भाड्यानं मिळतात. पाच-दहा रुपये टाकायचे, दहा आकडे मिळतात, त्यावर आलेला कोड स्क्रीनवर दिसतो. खातं उघडलं की नंबर सोडून द्यायचा."

तिनं करून पाहिलं. खरंच जमलं. कपड्यांच्या एका अ‍ॅपवर खातं उघडलं, मग परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळणाऱ्या ठिकाणी. कुणाचा फोन नाही, मेसेज नाही. कित्येक महिन्यांनी तिला मोकळं वाटलं.

मग संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्याची जाहिरात आली. परिचारिका हव्या होत्या. अर्ज ऑनलाइन होता. नोकरीसाठी वेगळा, नीटनेटका ई-मेल असावा म्हणून तिनं नवं खातं काढलं. त्यानं मोबाइल नंबर मागितला, तिनं भाड्याचा दिला. त्याच बैठकीत अर्ज भरायला घेतला. त्यानंही नंबर मागितला, कोड पाठवतो म्हणाला. हातात तोच नंबर अजून काही मिनिटं होता, तोच तिनं तिथं टाकला. कोड आला, अर्ज गेला. पासवर्ड आणि नंबर तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले, कारण मुलगी व्यवस्थित होती.

पंधरा दिवसांनी वावरातून येताना फोन दगडावर पडला आणि कायमचा गेला. वडिलांनी जुना का होईना, दुसरा फोन आणून दिला. तिनं मेल उघडायला घेतला. पासवर्ड बरोबर होता. पण फोन नवा, म्हणून खात्यानं विचारलं, हे तुम्हीच आहात कशावरून? नोंदवलेल्या नंबरावर कोड पाठवला आहे, तो टाका.

तो नंबर आता तिच्याकडं कुठं होता? ज्या ठिकाणाहून भाड्यानं घेतला तिथं तिनं शोधला, तो यादीतच नव्हता. दुसरा मेल-पत्ता तिनं दिलेला नव्हता. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर एकच उत्तर येत राहिलं: हे खातं तुमचंच आहे, याची खात्री करता आली नाही. पासवर्ड खरा, माणूस खरा, आणि तरी दार बंद.

आणखी काही दिवसांनी वर्गातली एक मैत्रीण भेटली. तिची निवड झाली होती. ती म्हणाली, "तुझंही नाव यादीत होतं गं. मुलाखतीचं पत्र मेलवर आलं ना? तू आली नाहीस म्हणून त्यांनी फोन पण केला, तर कोण्या माणसानं उचलला आणि राँग नंबर म्हणून ठेवून दिला." जागा भरून गेली होती.

पोरगी घरी आली आणि चुलीपाशी बसून रडली. आजीनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिला यातलं निम्मंच कळलं, पण एक प्रश्न तिनं नेमका विचारला.

"मंग तो नंबर होता कोनाचा?"

"कोणाचाच नाही आजी. इंटरनेटवरचा."

"कोनाचाच नाई असं काई नसते बाई," आजी म्हणाली. मग तिनं आपली गोष्ट सांगितली. आजोबा गेले, देणं अंगावर होतं, दोन एकर विकावं लागलं. खरेदीखताच्या दिवशी साक्षीदार पाहिजे होते. कचेरीबाहेर एक जण म्हणाला, चहापाण्याचे पैसे द्या, आत्ता दोन माणसं उभी करतो. धाकट्या दिरानं ऐकलं नाही. अख्खा दिवस मोडला, दुसऱ्या दिवशी गावातली दोन ओळखीची माणसं संगं नेली, तेव्हा सही-अंगठा झाला. पुढं सात-आठ वर्षांनी हद्दीवरून भांडण उभं राहिलं, तेव्हा तीच दोघं येऊन बोलली की हो, आम्ही समोर होतो, इतकंच विकलं, बांधापलीकडचं नाही. "साक्षीदार असा पाह्यजे बाई, का उद्या हाक मारली तर ओ देईन. वाटेवरचा उभा केला तं कामापुरता उभा राह्यते. पुन्हा बोलावलं तं कुठं सापडते?"

पोरगी गप्प झाली. नंबर म्हणजे तिला आजवर दारावरची कडी वाटत होती, दुसऱ्यानं वाजवू नये अशी. खातं उघडताना तो आपल्या बाजूनं बोलणारा साक्षीदारही असतो, हे तिला चुलीपाशी कळलं.

गोष्ट इथंच संपली असती, तर नुकसान एका नोकरीचं झालं असतं. पण महिन्याभरानं पोलीस ठाण्यातून एक हवालदार घरी आले. आजीचं नाव घेऊन म्हणाले, "आजी, हा नंबर तुमच्या नावावर हाय. या नंबरावर खातं उघडून कोणीतरी एका माणसाला फसवलं. त्यानं १९३० वर तक्रार केली, सिमकार्डाचा माग काढला तर तो तुमच्या आधारकार्डापर्यंत आला."

आजीकडं बटनाचा एक फोन, त्यात एक सिम. दुसरं कधी घेतलंच नव्हतं. नातीनं कागद हातात घेतला आणि तिला दहाही आकडे ओळखीचे वाटले. ती उठली, वही आणली, शेवटचं पान उघडलं. तोच नंबर.

मग आजीला आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी एसटी स्टँडजवळ छत्री लावून एक पोरगा बसला होता. सिम फुकट, वर रिचार्ज. तिनं अंगठा दिला. तो म्हणाला, "ठसा नीट आला नाही आजी, परत द्या." तिनं परत दिला. कष्टाच्या हाताचे ठसे झिजलेले असतात, रेशनवरही दोनदा द्यावाच लागतो, म्हणून तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्या ठशावर तिचं सिम निघालं होतं आणि दुसऱ्या ठशावर दुसरं.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या देशात मोबाइल नंबर कुणाच्या तरी ओळखपत्राशिवाय निघत नाही. म्हणजे भाड्यानं मिळणारा दहा आकडी भारतीय मोबाइल नंबर कितीही आभासी म्हटला, तरी त्याच्या तळाशी एखादं सिमकार्ड असतं आणि सिमकार्डाखाली एखाद्या खऱ्या माणसाचा कागद किंवा अंगठा. आपला नंबर लपवण्याची सरळ सोयही जगात आहे. भाड्याच्या गाडीच्या चालकाला आपण अ‍ॅपमधून फोन लावतो तेव्हा त्याला आपला खरा नंबर दिसत नाही. पण तिथं मधे जबाबदार धरता येईल अशी कंपनी उभी असते. कोडापुरत्या भाड्याच्या नंबरामागं कोण उभं आहे, ते घेणाऱ्याला कळत नाही. तो आपल्या आधी कुणी वापरला, आपल्यानंतर कुणाकडं जाईल, तेही नाही. ज्याच्याकडं जाईल त्याच्याकडं आपले कोडही जातील. आणि फुकटच्या नंबरांची गत तर आणखी वाईट: त्यावर आलेले मेसेज पान उघडणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतात.

हवालदार समजूतदार होते. त्यांनी आजीचा जबाब लिहून घेतला, नातीच्या वहीतल्या पानाचा फोटो काढला. वडील घाबरले होते, त्यांना म्हणाले, "आता घाबरून काय होतं? आजीच्या नावावर आणखी किती नंबर हायेत ते तरी पाहा." केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानं २०२३ च्या मे महिन्यात 'संचार साथी' हे पोर्टल सुरू केलं, त्यावर ही सोय आहे. नातीनं ते उघडलं, आजीचा नंबर टाकला. कोड आजीच्या बटनाच्या फोनवर आला, नातीनं वाचला. आजीच्या नावावर चार नंबर निघाले. कायद्यानं एका माणसाला ९ पर्यंत घेता येतात, त्यामुळं कुठंच घंटा वाजली नव्हती. स्वतःचा एक ठेवून बाकीच्या तिघांपुढं तिनं 'हा माझा नंबर नाही' असं नोंदवलं.

त्या रात्री वडील बराच वेळ अंगणात बसून होते. सकाळी त्यांनी पोरीला हाक मारली आणि म्हणाले, "चाल, तुझ्या नावावर आणखी एक सिम घेऊ." बुलढाण्याला जाऊन कंपनीच्याच दुकानातून घेतलं. एक नंबर परक्यांसाठी, दुकानात-अ‍ॅपवर द्यायला. दुसरा बँकेला, मेलला, नोकरीच्या अर्जाला आणि घरच्यांना. त्रासाचा मेसेज आला तर तो पोरीनं वडिलांना दाखवायचा आणि वडिलांनी ठाण्यात जायचं, असं ठरलं. माझ्या मते या घरात झालेली सगळ्यात मोठी गोष्ट ही शेवटची. ती दोन वर्षं आधी झाली असती, तर पोरीला भाड्याच्या नंबराचं दार शोधावंच लागलं नसतं.

तिनं नवा मेल काढला, त्यात आपला नंबर आणि वडिलांच्या मोबाइलवरचा मेल-पत्ता दोन्ही नोंदवले. खात्याचे आणीबाणीचे कोड कागदावर उतरवून आजीच्या पेटीत ठेवले. चिखलीच्या आणि जालन्याच्या दवाखान्यांत अर्ज केले. जुन्या अ‍ॅपवरची खातीही तिनं एकेक करून तपासली. जिथं पुन्हा जायचं होतं तिथला नंबर बदलला. जिथं नव्हतं तिथलं खातं पुसून टाकलं.

पुढच्या महिन्यात आजी रेशनला गेली. रांग मोठी होती. मशीनवर अंगठा ठेवला, दुकानदार म्हणाला, "नाही आला आजी, परत द्या."

आजीनं हात मागं घेतला. "पयला कुठं गेला ते दाखव आंधी."

दुकानदारानं मशीन तिच्याकडं फिरवलं. ठसा जुळला नाही, असं पडद्यावर लिहून आलं होतं. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं मागच्या पोराकडून वाचून घेतलं आणि मगच दुसऱ्यांदा अंगठा टेकवला. तिच्या मागं उभी असलेली शेजारीण पुढं झाली, अंगठा ठेवण्याआधीच म्हणाली, "मले बी दाखवजो."