सद्हेतूची परीक्षा

हेतू शुद्ध असला की कृतीही शुद्ध ठरते, अशी आपली एक जुनी समजूत आहे. तिचा विचार आम्ही येथे नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून न करता जीवरसायनशास्त्रातील एका प्रकरणाच्या आधारे करणार आहोत.

प्राणवायू जीवनदायी खरा. पण पेशीत त्याचा वापर होताना मुक्त मूलके नावाचे अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. पेशीचे पटल मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचे असते. मूलकाने त्यातील एका रेणूचा हायड्रोजन हिरावला की तो रेणूच मूलक बनतो आणि शेजाऱ्यावर तुटून पडतो. घरातले तेल खवट होते तेही अशाच साखळीने. पटलातील ई जीवनसत्त्व ही साखळी तोडते. सी जीवनसत्त्व त्याला पुन्हा कार्यक्षम करते. सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाची विल्हेवाट लावणाऱ्या विकराचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये दाखवून दिले. उन्हात उभ्या असलेल्या वनस्पतीही स्वसंरक्षणासाठी कॅरोटीनसारखी द्रव्ये तयार करतात. गाजराचा रंग त्याचाच.

भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. तेव्हा कॅरोटीनच वेगळे काढून गोळीतून द्यावे, हा विचार स्वाभाविक होता. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली. 1994 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो अपेक्षेच्या नेमका उलट होता. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला. अमेरिकेत 18,314 जणांवर चाललेली, बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देणारी दुसरी चाचणी 1996 च्या जानेवारीत मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. तेथे हे प्रमाण 28 टक्के अधिक होते.

हेतू निर्मळ होता, तर्कही सुसंगत होता. मग चुकले कोठे? भाजी खाणाऱ्या माणसाची राहणीही बहुधा वेगळी असते, आणि भाजीत कॅरोटीन हे शेकडो द्रव्यांपैकी एक असते. शिवाय मूलके निव्वळ शत्रू नव्हेत. रक्तातील पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड निर्माण करूनच जंतूंचा नाश करतात. जन्मतः ही शक्ती नसलेल्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतो. शरीर मूलकांचे उच्चाटन करीत नाही, त्यांना मर्यादेत ठेवते.

या संशोधकांना दोषी ठरवावे काय? आमच्या मते नाही. सहभागी व्यक्तींची संमती घेतलेली होती, तुलनेसाठी गोळीचा केवळ आभास देणारा गट होता, आणि आपल्याच आशेविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी जगापुढे मांडला. ही परीक्षा झालीच नसती, तर तीच गोळी आरोग्याच्या नावाने असंख्य धूम्रपींच्या हाती गेली असती, आणि अधिकचे मृत्यू कोणाच्या नजरेसही आले नसते. हेतूच्या निर्मळपणावर विसंबून परीक्षा टाळणारा माणूस खरा धोक्याचा असतो.

शासकीय सेवेत आम्ही अनेक योजना पाहिल्या. प्रत्येकीच्या आरंभी उद्देशाचा परिच्छेद सुंदर असे. खर्चाचा हिशेब काटेकोर असे. ज्याच्यासाठी योजना, त्याचे बरे झाले की वाईट, हा रकाना मात्र क्वचितच असे.

यावर आक्षेप असा येईल, की प्रत्येक सत्कृत्याआधी परीक्षा मागितली तर सत्कृत्येच थांबतील. आक्षेपात तथ्य आहे. भुकेल्याला भाकरी देताना चाचणीची वाट पाहायची नसते. तिचा परिणाम समोर दिसतो. पण ज्याचे भले करावयाचे तो जितका दूर, जितका बहुसंख्य आणि जितका तक्रार करण्यास असमर्थ, तितके परीक्षेचे कर्तव्य वाढत जाते, असे आम्हांस वाटते. औषध, शिक्षण, कायदा यांना ही कसोटी लागू आहेच. घरातील वडीलधाऱ्यांनी लहानांच्या हितासाठी घेतलेल्या निर्णयांनाही ती लागू आहे.

गाजर आजही तितकेच गुणकारी आहे, आणि ई जीवनसत्त्व पेशीपटलाचे रक्षण करीतच आहे. बदलायला हवा तो आपला विश्वास: दुसऱ्याचे भले इच्छिले की आपले कर्तव्य संपते, हा.