झाकलेली बाटली

गुडगावात मित्राच्या घरी सहा बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आम्ही वाइनना गुण देत होतो. चौथ्या पेल्यात मला नाशिक ओळखू आलं आणि दहा वर्षं दिल्लीत काढलेल्या हाताने दोन गुण जास्त लिहिले. कागद काढल्यावर ती नाशिकचीच निघाली. मला शाबासकी मिळाली; पक्षपात कुणाला दिसला नाही.

१९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला क्रमांक दिला. ही झाकण्याची ताकद. पण पुढे कॅलिफोर्नियातल्याच एका स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना नकळत तीनदा दिली, तेव्हा दहांतला जेमतेम एक जण आपल्या गुणांशी सुसंगत राहिला.

म्हणजे पट्टी नाव झाकते, मन नाही. इथे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात बसवलेल्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही. तिला आपलाही कल दिसत असेल का? मला माझा दिसला होता. तरी मी ते दोन गुण खोडले नाहीत, आणि तिसरी बाटली तेवढ्यानेच हरली.