अंजिराचा माळी आणि आपले परस



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आपल्या प्रभूने सांगितलेला एक लहानसा दाखला आहे. एका मनुष्याच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे एक झाड होते. धनी तीन वर्षे त्याचे फळ पाहावयास आला आणि तिन्ही वर्षे रिकाम्या हातांनी परतला. तेव्हा त्याने माळ्यास ते तोडून टाकावयास सांगितले. माळ्याने धन्याशी वाद घातला नाही. त्याने एका वर्षाची मुदत मागितली, आणि त्या वर्षात आपण झाडाभोवती खणू व त्यास खत घालू, असे वचन दिले.

ह्या दाखल्यावर उपदेश करिताना आपण बहुधा धन्याच्या कुऱ्हाडीविषयी बोलतो. आज आपण माळ्याच्या कुदळीकडे पाहू. ज्या तोंडाने त्याने झाडासाठी रदबदली केली, त्याच तोंडाने त्याने कामही आपल्या अंगावर घेतले. रदबदली करणाऱ्याने कुदळ हाती घ्यावयाची असते, ही गोष्ट समजण्यास घराच्या परसासारखी दुसरी शाळा नाही.

पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाऊस उघडला म्हणजे पुष्कळ घरी काही ना काही लावण्याची उमेद येते. संगमनेर व अकोले तालुक्यांतील शेतांत टोमॅटो हे आता जुने पीक झाले आहे. तथापि ज्यास कित्येक घरांतील आज्या वेलवांगे म्हणत, त्याची चार रोपे आपल्या दारी प्रथमच लावणारी कुटुंबेही थोडी नाहीत. मुलांच्या हट्टास्तव एखादी माउली स्ट्रॉबेरीचीही रोपे आणते. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडतात, फूल येते ते गळून जाते. मग कोणी म्हणतो, आमच्या घराण्याला हातगुणच नाही. कोणी म्हणतो, देवाची मर्जी नव्हती.

आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची होत. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांच्या वाट्यास जमीन म्हणून जर काही आले असेल, तर तो हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. आणि त्याच्या मोबदल्यात गावाची रात्रंदिवस चाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनाविषयी विधेयक मांडले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या बांधावर मावळला, त्यांना आपल्या दारी फळझाड वाढविण्यास फुरसत कोठे होती? म्हणून घरामागची दहा हात जागा लहान म्हणून तुच्छ मानू नये. हातगुण रक्तातून उतरत नाही. तो खणता खणता हातास येतो. आणि वाळलेल्या रोपास देवाची मर्जी म्हणण्यापूर्वी त्याच्या मुळाशी हात घालून पाहावे, हे देवाचाही मान राखणे आहे.

माळी प्रथम खणणार होता. खणणे म्हणजे झाडाची गरज ओळखणे. नवख्या मनुष्याने चाळीस रोपे लावू नयेत. चार लावावीत व ती नीट सांभाळावीत. टोमॅटोस दिवसातून निदान सहा तास ऊन पाहिजे. जेथे मागील हंगामात वांगी, मिरची अथवा बटाटे होते ती जागा टाळावी, कारण ही सारी एकाच कुळातील असून एकाचा रोग दुसऱ्यास जडतो. आपल्याकडे नवख्यास हिवाळी हंगाम बरा. उन्हाळ्यात रात्रीही उष्ण राहू लागल्या म्हणजे टोमॅटोची फुले गळतात. १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. धनश्री व भाग्यश्री हे टोमॅटोचे वाण तेथीलच होत. गादीवाफ्यावर वाढविलेले पंचवीस ते तीस दिवसांचे रोप सायंकाळी लावावे, आणि खोडाचा खालचा भाग मातीत जाऊ द्यावा, म्हणजे त्या भागासही मुळ्या फुटतात. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे व वेळीच काठीचा आधार द्यावा.

पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे; पाने भिजत राहिली तर करपा येतो. तसेच ते नेमाने द्यावे. माती चार दिवस भेगाळू देऊन पाचव्या दिवशी पूर आणला, तर पिकत आलेली फळे तडकतात, आणि कित्येक फळांच्या खालच्या टोकास काळा खोलगट डाग पडतो. त्या डागास लोक कीड समजून फवारणी करितात. वस्तुतः मातीतील चुन्याचा अंश पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचतो, आणि पाण्यात खंड पडला म्हणजे तो पोहोचत नाही. म्हणून औषधाच्या बाटलीपूर्वी आपली घागर तपासावी. रविवारी भक्तीचा हंडा भरभरून ओतून सोमवार ते शनिवार आपल्या घराकडे न पाहणाऱ्या मनुष्याने ह्या काळ्या डागाचा विचार करावा.

मग माळी खत घालणार होता. ताजे शेण मुळाशी घातले तर ते कोवळ्या मुळ्यांस जाळते. वर्षभर कुजून मातीसारखे झालेले शेणखतच रोपास पचते. तेही मापाने घालावे. नत्राचा अतिरेक झाला म्हणजे झाड हिरवेगार, उंच व घनदाट होते, शेजारी वाहवा करितात, आणि फळ मात्र येत नाही. पी हळद आणि हो गोरी, ही घाई परसात चालत नाही. उपदेशकांनीही हे ध्यानात ठेवावे. नव्या मनुष्यावर शिकवणीचे ढीग लोटल्याने पाने पुष्कळ येतील. तथापि धनी पाने मोजावयास आला नव्हता.

स्ट्रॉबेरीचा धडा निराळा आहे. ती महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर पिकते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर, तेथील माती तांबडी व किंचित आम्ल, रात्री थंड. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ काळी जमीन चुनखडीची आहे. तीत स्ट्रॉबेरीची मुळे लोह घेऊ शकत नाहीत, म्हणून शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. खारे पाणीही तिला सोसत नाही. तेव्हा कुंडीत अथवा उंच वाफ्यात तांबडी माती व कुजलेले खत मिसळून, ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावर ती लावावी. रोपाचा गड्डा मातीच्या पृष्ठभागाशी नेमका समतल असावा. खोल गेला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. मुळे उथळ असल्याने थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे. फळे ओल्या मातीस टेकून सडू नयेत म्हणून खाली वाळलेले गवत अंथरावे. पहिल्या वर्षी धावती वेल फुटेल ती खुडावी, म्हणजे बळ फळाकडे जाते. इतके करूनही उन्हाळा आला म्हणजे तिचा बहर सरेल, व एखादी वाटीभर फळे मुलांच्या हाती पडतील. त्या वाटीबद्दल आभार मानावेत. डोंगरावरच्या मळ्याचा हेवा करून आपल्या काळ्या मातीस दूषण देऊ नये. तीच माती आपणांस ज्वारी व हरभरा देते.

माळ्याने मुदत मागितली ती एक वर्षाची, हेही विसरू नये. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने टोमॅटोचे पान एकदा आकसून वळले, तर त्या रोपास औषध नाही. शेजारची रोपे वाचविण्यास ते उपटावेच लागते. दया म्हणजे डोळेझाक नव्हे. परंतु जो खरोखर खणून पाहतो, त्यासच कोणते रोप रोगी व कोणते केवळ तहानलेले, हे ओळखता येते. न खणता उपटणाऱ्यास तो अधिकार नाही.

आता फळाविषयी. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोस शंभर रुपयांच्या पुष्कळ वर गेला, आणि दोन महिन्यांच्या आतच तो इतका कोसळला की आपल्या राज्यातील शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर टाकला. बाजारावर आपली सत्ता नाही. चार रोपांच्या परसाने कोणी श्रीमंतही होत नाही. परंतु आमटीत घालावयास चार फळे आणि शेजारणीच्या पदरात घालावयास दोन, एवढे ते परस देते. शिवाय ते बीही देते. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी मूळ गुण राखत नाही. परंतु देशी अथवा सरळ वाणाच्या पक्व फळाचा गर एक-दोन दिवस आंबवून, बी धुऊन, सावलीत वाळवून ठेविले तर पुढचे वर्ष आपल्या हाती राहते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावोगावचे देशी बियाणे असेच जपले, इतरांस वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी जपणारा मनुष्य पुढील वर्षावर विश्वास ठेवणारा असतो. आपला माळीही तसाच होता.

बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येक मंडळीत एखादे अंजिराचे झाड असते. दारू सोडतो म्हणून तीनदा शपथ घेतलेला बाप असेल. शाळा सोडून उनाड फिरणारा मुलगा असेल. सासरहून परत आलेली व उपासनेस येण्यास लाजणारी मुलगी असेल. पंच बसतात व म्हणतात, तीन वर्षे झाली, आता नाव कमी करा. अशा वेळी तुमच्यापैकी कोणी एकाने उठून आणखी एक वर्ष मागावे. मात्र मागताना हेही सांगावे की ह्या वर्षी त्या घरी दर आठवड्यास मी जाईन, त्या मुलाची फी कशी भरावयाची ते मी पाहीन, त्या मुलीस माझी बायको आपल्याजवळ बसवील. एवढे बोलण्याची तयारी नसेल तर मुदत मागू नये; कारण कुदळीवाचून मागितलेले वर्ष हे कुऱ्हाडीस दिलेली उधारी होय.

त्या अंजिरास पुढे फळ आले किंवा नाही, हे प्रभूने सांगितले नाही. दाखला संपतो तेव्हा धनी काय म्हणाला तेही आपणांस ठाऊक होत नाही. माळ्याने मात्र काम सांगून ठेविले आहे. ह्या आठवड्यात ज्यांच्या परसात रोप आहे त्यांनी त्याच्या मुळाशी माती मोकळी करावी, आणि ते करिताना आपल्या मंडळीतील एका मनुष्याचे नाव मनात धरावे. माती मोकळी झाली म्हणजे हात धुऊन त्याच्या घरी जावे.